चतुराचा डोळा

असं समजा, की तुम्ही एका हौदाच्या काठावर पालथे पडला आहात. पोटाखाली गार सिमेंट आहे, कोपराला खडा टोचतो आहे, आणि नाकापासून हातभर अंतरावर, पाण्यातून वर आलेल्या काडीच्या टोकावर एक चतुर बसला आहे. चतुर म्हणजे तोच, ज्याला तुमच्यापैकी काहीजण हेलिकॉप्टर म्हणतात. लांब शेपटी, काचेसारखे चार पंख, आणि डोकं म्हणजे जवळजवळ सगळे डोळेच. श्वास जपून घ्या. जोरात सोडलात तर तो उडेल. आता कॅमेरा डोळ्याला लावा. हळू. त्याहून हळू. चतुराचा डोळा स्पष्ट दिसेपर्यंत भिंगाचं कडं फिरवत राहा. आलं, आलं, आता बटण दाबणार, इतक्यात मागून आवाज येतो, "काय हो, किल्ली पडली का पाण्यात?"

एवढं तुम्हाला डोळ्यांपुढे आणता आलं असेल, तर नातीची सुट्टी मला कशी गेली ते कळलंच असेल. तरी मी सांगणार आहे. जन्मभर शाळेत शिकवलेल्या माणसाला मुलांनी "कळलं" म्हटलं तरी पटत नाही. तो पहिल्यापासून पुन्हा सांगतो.

भानगड सुरू झाली ती नातीच्या चष्म्यावरून.

नात सुट्टीला आमच्याकडे आली ती नवाकोरा चष्मा घेऊन. म्हणजे चष्मा निळ्या डबीत, डबी मोज्यात, मोजा पिशवीच्या तळाशी. मुलीचा फोन आला. "बाबा, तिला फळ्यावरचं दिसत नाही. शेजारणीच्या वहीत बघून लिहिते, मग शेजारणीच्या चुकाही हिच्या वहीत येतात. शाळा उघडायच्या आत तिला चष्म्याची सवय लावा. तुम्ही शिक्षक होता ना." हे शेवटचं वाक्य आमच्या घरात, कोणालाच न जमणारं काम माझ्या गळ्यात घालताना वापरतात.

मी माझ्या परीनं प्रयत्न केले. चष्मा घालणारी किती माणसं मोठी झाली ते सांगितलं. तिनं विचारलं, "त्यांना दिसत असतं तर ती आणखी मोठी झाली असती का?" मी विषय बदलला. मग आजीनं प्रयत्न केला. "घाल गं सोने, किती गोड दिसतेस चष्म्यात."

"आजी, तू तुझा चष्मा काढून ठेवतेस आणि मग माझ्याकडे बघतेस. म्हणून मी गोड दिसते."

यावर आजी स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ भांड्यांशी बोलत राहिली.

एका दुपारी नातीनं माझ्या कपाटातून कीटकांचं एक जुनं पुस्तक काढलं. त्यात चतुराच्या डोक्याचं पानभर चित्र होतं. छपाई इतकी वाईट, की शाई सगळीकडे पसरलेली. बटाट्याला दोन कांदे चिकटवावेत तसं दिसत होतं ते. नातीनं पान माझ्यापुढे धरलं.

"चष्मा घातला की मी अशी दिसते. वर्गात सगळे ढापणी म्हणतात."

ती रडली नाही. उद्या गणिताची परीक्षा आहे, हे जसं सांगावं तसं तिनं सांगितलं. रडली असती तर मला काहीतरी सुचलं असतं. मुलांचं रडणं थांबवण्याचा मला अनुभव आहे. न रडणाऱ्या मुलापुढे मी आजही नवशिका आहे.

"हे चित्र खोटं आहे," मी म्हणालो. "खरा चतुर असा नसतो. त्याच्या डोळ्यांसारखे डोळे कुणाचे नाहीत. मी तुला दाखवतो."

"कसे?"

"फोटो काढून. त्याचा डोळा या पानाएवढा."

"स्पष्ट?"

"एकदम स्पष्ट."

"आणि तो असाच निघाला तर?"

"असाच निघाला तर चष्मा राहू दे डबीत. तुझ्या आईला काय सांगायचं ते मी सांगेन."

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला. "अहो," आतून ऐकू आलं, "हे काय कबूल करून बसलात?"

आता माघार घेणं शक्य नव्हतं. शाळा उघडायला फार अवकाश नव्हता, आणि एका मुलीला पुढचं वर्षभर फळा दिसणार की नाही, हे एका चतुराच्या आणि माझ्या हातात होतं. त्यातला चतुर निदान उडू तरी शकत होता.

कॅमेरा घरात होता. मुलाचा जुना. त्याच्याकडे सगळं काही करणारा फोन आल्यावर त्यानं तो आमच्याकडे टाकला, जशी मुलं आपल्या जुन्या वस्तू आईवडिलांकडे टाकतात आणि त्याला भेट म्हणतात. त्याला अगदी जवळून फोटो काढायचं भिंग होतं. हे भिंग आपणहून काहीही करत नाही. कडं आपल्या हातानं फिरवायचं आणि डोळ्यानं ठरवायचं, स्पष्ट झालं की नाही ते. मला ते आवडलं. आमच्या वेळचं वाटलं.

आता थोडं शिकवतो. कंटाळा आला तर पुढचा परिच्छेद गाळा, मी रागावणार नाही, फक्त लक्षात ठेवीन.

इतक्या जवळून फोटो काढताना स्पष्ट दिसतो तो भाग केसाच्या जाडीएवढा असतो. चतुराच्या डोळ्यावर फोकस केला तर शेपटीचं टोक धूसर. कॅमेरा नखभर पुढे गेला, की डोळाही धूसर. म्हणून कॅमेरा असा धरायचा, की चतुराचं अंग त्याला समांतर यावं. डोळा स्पष्ट आला पाहिजे, बाकी काही नाही आलं तरी चालतं. चतुर ज्या बाजूला बघतो आहे त्या बाजूला फोटोत थोडी मोकळी जागा सोडायची, नाहीतर तो भिंतीकडे तोंड करून शिक्षा भोगत बसल्यासारखा दिसतो. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, त्याच्या मागे काय आहे ते आधी पाहायचं.

हे शेवटचं मी पहिल्या दिवशी विसरलो. आमच्या वसाहतीच्या मागच्या बाजूला कमळांचा एक गोल हौद आहे. चतुर कमळाच्या पानाच्या कडेला बसला, मी सरपटत गेलो, बटण दाबलं. घरी येऊन पाहिलं तर चतुराच्या मागे, अगदी मधोमध, वसाहतीच्या सचिवांची पट्ट्यापट्ट्यांची अर्धी चड्डी दोरीवर वाळत होती. नात म्हणाली, "चतुरानं चड्डी घातल्यासारखी वाटते." फोटो पुसून टाकावा लागला.

माझं हौदावर पालथं पडणं लोकांच्या डोळ्यांवर आलं होतंच. तळमजल्यावरचे शेजारी पहिले आले. त्यांना आम्ही अनुभवी म्हणतो, कारण जगातल्या कुठल्याही विषयावर ते "माझा अनुभव सांगतो" अशीच सुरुवात करतात.

"माझा अनुभव सांगतो," ते म्हणाले. "असं मागे मागे धावून काही होत नाही. चतुर पकडायचा आणि थोडा वेळ फ्रिजमध्ये ठेवायचा. गारठला की हलत नाही. मग काढा हवे तेवढे फोटो."

"माझ्या फ्रिजमध्ये?" आमच्या बाईसाहेब, म्हणजे नातीची आजी, वरच्या गॅलरीतून म्हणाल्या.

नातीनं अनुभवींकडे नुसतं पाहिलं. बिनचष्म्याची होती, तरी ती नजर त्यांना लागली असावी. ते लगेच म्हणाले, "किंवा मग काडी लावा."

ही सूचना खरोखर चांगली होती, हे मला मान्य केलं पाहिजे. चतुराची एक सवय आहे. त्याला पाण्याजवळची उंच, मोकळी जागा आवडते. तिथे तो बसतो, उडतो, हवेत एखादी माशी पकडतो आणि फिरून त्याच जागी येऊन बसतो. आपण धावायचं नाही. आपण काडी लावायची आणि वाट पाहायची. मी एक छान वाळकी काडी निवडली, मागे फक्त हिरवं गवत दिसेल अशी जागा पाहिली आणि ती हौदाच्या गाळात रोवली. चतुर आला. काडीवर बसला. मी इतका खूश झालो, की फोटो काढायचा राहिला.

दुसऱ्या दिवशी काडी नव्हती. माळीबुवांनी कचरा म्हणून उपटली होती. मी दुसरी लावली. तीही गेली. मग मी पुठ्ठ्यावर ठळक अक्षरात लिहिलं, "ही काडी काढू नये. हुकमावरून." आणि तो पुठ्ठा हौदाच्या कठड्याला टांगला.

हीच माझी चूक झाली. संध्याकाळी सचिव दारात हजर.

"हुकूम कोणाचा?" त्यांनी विचारलं.

"तसा कोणाचाच नाही. पण हुकमावरून म्हटलं की लोक ऐकतात."

"वसाहतीत हुकूम काढायचा अधिकार समितीला आहे. आणि हौद सामाईक मालमत्ता आहे. सामाईक मालमत्तेत काडी रोवायची तर रीतसर अर्ज करा."

मी अर्ज केला. विषय, "हौदात एक काडी उभी करण्याची परवानगी मिळणेबाबत." तो परत आला. काडीची लांबी लिहिलेली नव्हती. लांबी लिहून दिला. तो परत आला. काडी कोणाला टोचल्यास जबाबदार कोण, हे लिहिलेलं नव्हतं. "माझी पत्नी" असं लिहून दिलं, पण ते घरात वाचलं गेलं आणि खोडावं लागलं. शेवटी समितीची सभा बसली. काडीवर चर्चा झाली, ती बरीच लांबली, आणि एका सभासदानं हीच संधी साधून आपल्या वरच्या मजल्याच्या गळतीचा विषय काढला. अखेर काडी मंजूर झाली, एका अटीवर. काढलेले फोटो पुढच्या मासिक सभेत, सभागृहातल्या मोठ्या पडद्यावर, सर्व सभासदांच्या माहितीसाठी दाखवावेत.

"म्हणजे काडीचा उपयोग झाला की नाही ते नोंदवता येईल," सचिव म्हणाले.

मला तर आनंदच झाला. इतकी वर्षं फळ्यापुढे उभा राहिलेला माणूस मी. मोठा पडदा, समोर माणसं, आणि पडद्यावर चतुराचा डोळा. नात पहिल्या रांगेत बसलेली. मनातल्या मनात मी भाषणही तयार केलं.

फक्त फोटो तेवढे येत नव्हते.

काडी होती, चतुर होता, मागे गवत होतं, चड्डी नव्हती. पण कॅमेऱ्याला डोळा लावला की सगळं धुक्यातून पाहिल्यासारखं दिसे. कडं कितीही फिरवलं तरी धुकं हटेना. अंदाजानं बटण दाबायचो. फोटो पाहिला की काडीवर तपकिरी धूर बसलेला. हे भलतंच होतं, कारण एखाद्या सकाळी ठीक दिसायचं आणि दुसऱ्या सकाळी पुन्हा धुकं. काढलेले फोटो मागे जाऊन पाहायची मला हिंमतच होईना. एक पाहायचा, सुस्कारा टाकायचा, कॅमेरा कपाटात ठेवायचा.

"डोळे दाखवून या," बाईसाहेब म्हणाल्या.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी मला अंधाऱ्या खोलीत बसवलं, हनुवटी एका पट्टीवर टेकवायला लावली, डोळ्यांत दिवा मारला, अक्षरं वाचायला लावली. मी ती पाठ केल्यासारखी वाचली. "वयाच्या मानानं उत्तम," ते म्हणाले. हे वयाच्या मानानं कोण मागतं त्यांच्याकडे, मला कळत नाही.

घरी आल्यावर बाईसाहेबांनी निष्कर्ष काढला, "मग हात कापत असणार."

"हातच," अनुभवी म्हणाले. जिन्यात उभे राहून ते ऐकत होते. "माझा अनुभव सांगतो. या वयात हात कापतातच. कॅमेरा कशावर तरी टेकवा."

म्हणून मी इस्त्रीचं टेबल हौदावर नेलं. लांब, उंची कमीजास्त होणारं, घडी होणारं. कॅमेरा ठेवायला उत्तम. अर्ध्या तासात एक बाई दोन शर्ट ठेवून गेल्या आणि संध्याकाळी न्यायला येते म्हणाल्या. मी "अहो" म्हणेपर्यंत त्या फाटकाबाहेर. मग सचिव आले. "मंजुरीत फक्त काडीचा उल्लेख आहे. टेबलाचा नाही." मी टेबल घरी नेलं. शर्टही नेले. ते आमच्या बाईसाहेबांनी इस्त्री करून ठेवले, आणि त्याबद्दल मला काय काय ऐकावं लागलं ते तुमच्या वयाला योग्य नाही.

नात हे सगळं शांतपणे पाहत होती. रोज सकाळी विचारायची, "आला का डोळा?" मी म्हणायचो, "येईल." ती मान हलवायची आणि खिडकीत जाऊन बसायची. माझा धीर सुटत चालला होता. मला वाटे, हिला एवढंच कळणार, की आजोबा म्हणतात ते होत नाही, आणि पुस्तकात छापलेलं तेच खरं.

मासिक सभेचा दिवस आला. फोटोंपैकी त्यातल्या त्यात बरे दोनतीन दाखवायचे, असं मी ठरवलं होतं. पण दुसऱ्या मजल्यावरचा संगणकवाला मुलगा मदतीला फार तत्पर. त्यानं कॅमेऱ्यातलं कार्ड काढून थेट यंत्रात घातलं आणि म्हणाला, "काका, सगळेच लावतो. एकामागून एक आपोआप येतील."

पडद्यावर पहिला फोटो आला.

"हे काय आहे?" सचिवांनी विचारलं.

"चतुर."

दुसरा आला. "आणि हे?"

"तोच."

"हा धूर कसला?"

"तोही चतुरच आहे. जरा जवळून."

मागच्या रांगेत कोणीतरी खोकलं. ते खोकणं नव्हतं, हसू होतं, हे मला कळलं. वर्गात मी ते फार ऐकलंय. चौथा फोटो आला, पाचवा आला. बाईसाहेबांनी पदर सावरून छताकडे पाहायला सुरुवात केली. आणि मग पडद्यावर एक चिमणी आली.

चिमणी तारेवर बसलेली, मान वळवून. पिसन् पीस मोजून घ्यावं इतकी स्पष्ट. ती जिकडे बघत होती तिकडे नेमकी मोकळी जागा. मागचं खोकणं थांबलं. असा फोटो मी काढलाच नव्हता.

पुढच्या फोटोत आमचा रखवालदार जांभई देत होता. दाढाही दिसत होत्या. त्यानंतर आमच्या बाईसाहेब, ओट्याशी, कपाळावर बट आलेली, कशाला तरी मनापासून हसताना. छताकडे बघणाऱ्या बाईसाहेबांनी मान खाली केली आणि पडद्याकडे बघत राहिल्या. मग "हौदातील पाणी वापरू नये" ही समितीची पाटी आली, आणि तिच्याच खाली बादली हौदात बुडवून स्कूटर धुणारे आपले सचिव. पाण्याचा थेंबन् थेंब वेगळा दिसत होता. तीच पट्ट्यापट्ट्यांची चड्डी होती.

"हा विषय आजच्या पत्रिकेवर नाही," सचिव म्हणाले.

पुढचा फोटो माझा होता. आरामखुर्चीत झोपलेला मी, मान एका बाजूला पडलेली, तोंड उघडं. नाकातला एकेक केस कोरून काढल्यासारखा स्पष्ट. मोठ्या पडद्यावर माझी नाकपुडी दारापेक्षा मोठी दिसत होती. सभागृह खो खो हसायला लागलं. अनुभवी तर खुर्चीवरून खाली यायचे बाकी राहिले. मी पहिल्या रांगेकडे पाहिलं. नातीची खुर्ची रिकामी होती.

ती घरी गॅलरीत बसली होती, गुडघे छातीशी घेऊन. मी शेजारी बसलो. खाली बसायला मला थोडा वेळ लागतो, तेवढ्यात तिनं बोलायची तयारी केली असावी.

"तुम्ही झोपलात की मी कॅमेरा घ्यायचे," ती म्हणाली. "रागावलात?"

"कसे काढलेस एवढे सुरेख फोटो? चष्मा घालून?"

तिनं मानेनंच नाही म्हटलं. मग कॅमेरा घेतला आणि डोळा लावायच्या खिडकीशेजारी असलेलं, दाण्याएवढं एक दातेरी चाक मला दाखवलं. इतके दिवस कॅमेरा माझ्या हातात होता आणि ते चाक मी पाहिलंसुद्धा नव्हतं.

"हे इकडे फिरवलं की सगळं दिसतं. चष्म्याशिवाय. समोरच्या दुकानाची पाटी पण वाचता येते. मग परत फिरवून ठेवायचं कधी कधी राहून जातं."

मी ते चाक फिरवून पाहिलं. धुकं हटलं. पुन्हा फिरवलं. धुकं आलं. ते चाक ज्याच्या त्याच्या नजरेप्रमाणे लावून घ्यायचं असतं. तिला दूरचं दिसत नाही, मला जवळचं. तिच्या डोळ्याला जुळलेलं चाक माझ्या डोळ्याला आंधळं करत होतं. म्हणजे डॉक्टरांची अंधारी खोली, कापणारे हात, इस्त्रीचं टेबल आणि ते दोन शर्ट, हे सगळं या दाण्याएवढ्या चाकामुळे.

मी हसणार होतो, पण ती पुढे बोलली.

"आणि कॅमेरा लावला ना, की कोणी ढापणी म्हणत नाही. फोटो काढतेय म्हणतात."

आजी दारात येऊन उभी होती. ती आत गेली आणि येताना बिस्किटं घेऊन आली. आम्ही तिघांनी ती खाल्ली.

सकाळी मी नातीला लवकर उठवलं. "चल. आज तू काढ."

हौदावर कोणी नव्हतं. रात्रीच्या गारठ्यानं चतुर काडीवर जसाच्या तसा बसलेला होता, पंखांवर दवाचे बारीक थेंब. अशा वेळी त्याला चटकन उडता येत नाही. ऊन अंगावर येईपर्यंत तो वाट बघतो. नात पालथी पडली. कोपरं टेकवली. चाक फिरवलं. मी मागे उभा राहिलो आणि एकही सूचना केली नाही. हे किती अवघड असतं ते तुम्ही शिक्षक झालात की कळेल.

"आजोबा," ती कुजबुजली, "तो डोळे पुसतोय."

"कशानं?"

"पुढच्या पायांनी. आधी एक पुसला, आता दुसरा. मान पण फिरवतो."

"डोळा कसा आहे?"

तिनं भिंगाचं कडं आणखी जरासं फिरवलं. ती पुस्तकाचं पान आठवते आहे असं मला वाटलं. आईला काय सांगायचं ते मी सांगेन, असं कबूल करून बसलेला मीच होतो.

"खाली हिरवा," ती म्हणाली. "वर तांबूस. मध्ये कुठे रंग बदलतो ते कळतच नाही. आणि आत जाळी आहे, खूप बारीक. जाळीत काळा ठिपका आहे. मी हलले की तो ठिपका पण हलतो. तो माझ्याकडे बघतोय."

बटणाचा आवाज झाला. पुन्हा झाला.

"पुस्तकातल्यासारखा आहे?" मी विचारलं.

"पुस्तकात कांदा होता," ती म्हणाली.

चष्म्याचा विषय निघाला नाही. गोष्ट इथेच संपली असती तरी चाललं असतं. चतुराचा डोळा आला होता, पानाएवढा, एकदम स्पष्ट. पण तेवढ्यात ऊन गवतावरून सरकत सरकत काडीपर्यंत आलं. चतुराचे पंख थरथरले. दव उडालं. आणि तो उठला.

"कुठे गेला?" नात म्हणाली. कॅमेऱ्यात तिला नुसतं पाणी दिसत होतं. तिनं कॅमेरा खाली घेतला आणि डोळे बारीक केले.

"तो बघ. कमळांच्या पलीकडे. हवेतच थांबलाय."

"कुठे?"

"आता वर गेला. आता दुसरा आला, पलीकडच्या झुडपातून. पाठलाग करतोय त्याचा."

"कुठे आजोबा? कुठल्या बाजूला?"

तिनं कॅमेरा पुन्हा डोळ्याला लावला आणि सगळीकडे फिरवला. जवळच्या वस्तूसाठी केलेलं भिंग ते. त्यातून उडणारा चतुर शोधणं म्हणजे सुरळी केलेल्या कागदातून मुंगी शोधण्यासारखं. बसलेलं काहीही त्यात मावतं. उडणारं मावत नाही. तिनं कॅमेरा काढला, माझ्याकडे पाहिलं. "तुम्हाला दिसतोय?"

"मला दिसतोय," मी म्हणालो. खरं तेच होतं.

तिनं कॅमेरा माझ्या हातात ठेवला आणि धावत घराकडे गेली. मला वाटलं, रागावली. नंतर बाईसाहेबांनी सांगितलं, की ती चप्पल न काढता आत आली, पिशवी पालथी केली, मोजा एकीकडे भिरकावला, डबी दुसरीकडे, आणि काही न सांगता तशीच पळाली.

ती परत आली तेव्हा चष्मा तिच्या नाकावर होता. एका बाजूची काडी केसांत अडकली होती. मी चष्म्याकडे पाहिलंच नाही. पाण्याकडे बघत राहिलो, जणू हे रोजचंच आहे.

ती काठावर उभी राहिली. आधी डोकं स्थिर होतं. मग ते डावीकडे वळलं, सावकाश, मग एकदम वर, मग उजवीकडे. हवेतून जाणारी कुठलीतरी रेघ तिला सापडली होती आणि ती रेघ तिचं डोकं ओढून नेत होती. तोंड किंचित उघडं. सकाळच्या फिरण्याला निघालेले अनुभवी थांबले, "माझा अनु" एवढं म्हणाले, आणि तिनं मागे न बघता हात वर करून त्यांना गप्प केलं. ते गप्प झाले. माझ्या माहितीत हे पहिल्यांदाच घडलं.

चतुर हौद ओलांडून पलीकडे गेला. तीही हौदाला वळसा घालून पलीकडे गेली. तिथून तिनं अचानक माझ्याकडे पाहिलं, हौदाच्या या काठापासून त्या काठापर्यंतच्या अंतरावरून, डोक्यापासून पायापर्यंत, नीट.

"आजोबा," ती म्हणाली, "तुमच्या शर्टाची बटणं एक घर चुकलीयेत."

मी खाली पाहिलं. चुकली होती, वरपासून खालपर्यंत. तशीच घेऊन मी आख्खी वसाहत ओलांडून आलो होतो. मी ती सगळी काढली आणि पुन्हा पहिल्यापासून लावत गेलो. शेवटचं बटण लावून मान वर केली, तोवर तिनं चष्मा काढून फ्रॉकला पुसला होता, पुन्हा घातला होता, आणि ती चतुराच्या मागे झुडपांच्या पलीकडे पळाली होती.